परत फिरण्याची मुभा

(द्वितीय वर्ष कला)

‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी आपल्याकडच्या घाटांत जागोजागी लावलेली असते. गाडीच्या खिडकीतून ती वाचतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. इतक्या वेळा वाचली की तिच्यातले शब्द नुसते डोळ्यांपुढून जातात, मनापर्यंत पोहोचत नाहीत. या पाटीचा खरा अर्थ मला आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचताना उमगला, असे मी म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. मी कला शाखेचा विद्यार्थी. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. तेव्हा विमानाची शिडी चढलेला कोणी असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मग ज्या वाहनात आपण कधी बसलो नाही, त्याच्याविषयी लिहिण्याचा हा आगाऊपणा कशासाठी? त्याचे कारण लेखाच्या उत्तरार्धात येईल. वाचकांनी तोवर धीर धरावा, एवढीच विनंती.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान केरळातील कोळिकोडच्या धावपट्टीवरून घसरून खाली उतारावर कोसळले. १९० माणसांपैकी २१ दगावली. त्यांत दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे हे मराठी. त्यांचे आईवडील नागपूरचे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकून हवाई दलात नाव कमावलेले हे गृहस्थ. मी तेव्हा शाळेत होतो. गावात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एकच मजकूर फिरत होता, की साठे साहेबांनी आकाशात तीन घिरट्या घालून इंधन संपवले, इंजिन बंद केले आणि स्वतः प्राण देऊन प्रवाशांना वाचवले. आम्हा मुलांची छाती अभिमानाने फुगली. सप्टेंबर २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि त्यात अपघाताचे संभाव्य कारण म्हणून वैमानिकाने नियमावली पाळली नाही असे नमूद झाले. काल ज्यांनी देव्हाऱ्यात बसवले, त्यांतलेच काही जण आज ‘वैमानिकाची चूक!’ म्हणून मोकळे झाले. मला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. माणूस एका रात्रीत देव आणि दुसऱ्या रात्रीत अपराधी कसा होतो? या प्रश्नानेच मला अहवाल वाचायला लावले.

विमान ढगातून किंवा अंधारातून उतरते तेव्हा वैमानिकाला जमीन दिसत नसते. धावपट्टीपासून रेडिओलहरींच्या दोन अदृश्य वाटा आकाशात सोडलेल्या असतात. एक वाट विमान डावीकडे आहे की उजवीकडे ते सांगते, तर दुसरी ते वर आहे की खाली ते सांगते. समोरच्या यंत्रावरचे काटे पाहत वैमानिकाने या दोन वाटांच्या छेदावरून खाली यायचे असते. ही उतरण साधारण तीन अंशांची, म्हणजे प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. धावपट्टी १० सागरी मैलांवर असताना विमान जवळपास ३,००० फुटांवर असावे, असा हा हिशेब. तो जमला तर उतरणे सोपे. परंतु काही कारणाने खाली यायला उशीर झाला, की विमान वर राहते आणि धावपट्टी जवळ येते. मग उंची घटवायची तर विमानाचे नाक खाली करावे लागते, आणि नाक खाली केले की वेग वाढतो. वेग फार असला तर पंखांच्या झडपा उघडता येत नाहीत, आणि त्या उघडल्याशिवाय वेग हवा तेवढा घटत नाही. असा हा पेच आहे. वैमानिकाचे हात, डोळे, कान एकाच वेळी दहा कामांत गुंततात. माणसाचे लक्ष ही मोजून मापून मिळालेली वस्तू आहे. घाईत ती पहिल्यांदा संपते, हे मानसशास्त्राच्या तासाला आपण शिकतोच.

म्हणून विमानशास्त्राने एक उंबरठा ठरवून दिला आहे. ढगाळ हवेत १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमान योग्य वेगात, योग्य वाटेवर, चाके आणि झडपा उघडून स्थिर असलेच पाहिजे. नसेल तर उतरायचे नाही. इंजिनाची ताकद वाढवून पुन्हा वर जायचे, वळसा घालायचा आणि नव्याने यायचे. याला ‘गो अराउंड’ म्हणतात. खर्च काय? थोडे इंधन आणि दहा-पंधरा मिनिटे. इतका स्वस्त उपाय हाताशी असताना तो वापरतात किती जण? फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात असे आढळले, की अशा अस्थिर अवस्थेत असलेल्या शंभर विमानांपैकी जेमतेम तीन परत फिरतात. बाकीची तशीच उतरतात. बहुतेकांचे निभावतेही. आणि निभावते म्हणूनच पुढच्या वेळीही तसेच केले जाते!

घाई माणसाला कशी पायरी पायरीने खाली नेते, याचे ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेतले आहे. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचे विमान मियामीहून कोलंबियातील काली शहराकडे निघाले होते. निघायलाच सुमारे दोन तास उशीर झालेला. काली दोन डोंगररांगांच्या मधल्या दरीत वसलेले असून तेथील रडार बंडखोरांनी १९९२ मध्ये उद्ध्वस्त केले होते. वैमानिकांचा बेत विमानतळावरून पुढे जाऊन, वळून, दुसऱ्या टोकाकडून उतरण्याचा होता. नियंत्रकाने विचारले, की सरळच येऊन अलीकडच्या टोकाकडून उतरता का? काही मिनिटे वाचणार होती. होकार गेला. पण त्या एका होकाराने विमान एकदम फार उंच ठरले. उंची झपाट्याने घटवण्यासाठी पंखांवरचे वेगरोधक पत्रे उभे केले गेले. नकाशा पुन्हा उलगडणे, नव्या वाटेचे टप्पे शोधणे, संगणकात भरणे, सारे खाली येता येताच चालले होते. ‘रोझो’ नावाच्या दिशादर्शकासाठी संगणकात ‘आर’ हे एकच अक्षर दाबले गेले. संगणकाने त्या अक्षराचा दुसराच, दूर बोगोटाजवळचा, ‘रोमियो’ नावाचा दिशादर्शक उचलला आणि विमान मुकाट्याने डावीकडे डोंगरांच्या दिशेने वळले. चूक लक्षात आली तेव्हा त्यांनी विमान उजवीकडे घेतले, पण खाली येणे थांबवले नाही. जमीन जवळ आल्याचा यंत्राने आक्रोश केला. वैमानिकांनी नाक वर खेचले. मात्र पंखांवरचे पत्रे अजून उभेच होते, ते मिटवायचे भान कोणालाच राहिले नाही. १६३ पैकी १५९ माणसे त्या डोंगरावर संपली.

यातली एकेक चूक वेगळी काढून पाहिली तर ती शाळकरी पोरानेही करू नये अशी वाटते. परंतु ती माणसे अडाणी नव्हती. त्यांनी वेळ वाचवण्याचा सौदा केला आणि विचार करायला लागणारा वेळच त्या सौद्यात विकून टाकला.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले, मंगळूरचे. २२ मे २०१० ची पहाट. दुबईहून आलेल्या विमानात १६६ माणसे. डोंगरमाथा सपाट करून केलेली धावपट्टी, पुढे खोल दरी. विमानतळाचे रडार दोन दिवसांपासून बंद असल्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. मुख्य वैमानिक १०,००० हून अधिक तासांचा अनुभव असलेले. पण ध्वनिमुद्रण यंत्रात सापडलेल्या २ तास ५ मिनिटांपैकी पहिली १ तास ४० मिनिटे ते झोपेत होते. जागे झाले ते थेट घाईत. विमान असायला हवे होते त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होते. सहवैमानिकाने परत फिरण्याविषयी तीनदा सांगितले. यंत्र ‘वर घ्या, वर घ्या’ म्हणून ओरडत होते. कॅप्टनने ऐकले नाही. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुमारे ५,२०० फूट संपल्यावर. मग अगदी शेवटी पुन्हा वर उडण्याचा प्रयत्न झाला, पण तोवर फार उशीर झाला होता. १५८ माणसे गेली, आठ वाचली.

या अपघाताची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. अहवालाने कॅप्टनला दोष दिला; तो द्यायलाच हवा होता. परंतु त्याच अहवालात एक वाक्य असे आहे, की ज्यावर मी कितीतरी वेळ थांबलो. सहवैमानिकाने स्वतः सुकाणू हाती घेऊन विमान वर का नेले नाही? तर त्याला तसा अधिकार आहे की नाही, याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या. म्हणजे त्या तरुणाला धोका दिसला होता, कळला होता, तो बोललाही होता. त्याच्या हाती फक्त अधिकार नव्हता.

आणि कोळिकोड? तेथेही पाऊस होता, पाठीमागून वारा होता. पहिल्यांदा उतरताना कॅप्टनसमोरच्या काचेचा वायपर बंद पडला आणि तो प्रयत्न त्यांनी रीतसर सोडून दिला. मोबाईलवरच्या तीन घिरट्या म्हणजे प्रत्यक्षात हा एकदाच घेतलेला वळसा. आणि माझ्या मते त्या रात्रीचा तोच खरा पराक्रम होता! दुसऱ्या वेळी मात्र विमान अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले. टेकण्याआधी काही क्षण सहवैमानिक परत फिरा असे म्हणाला होता; पण येथेही त्याने सुकाणू हाती घेतले नाही. अहवाल आणखी एक गोष्ट नोंदवतो: दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कॅप्टनचे कोळिकोडला असणे गरजेचे होते, कारण तेथे पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते. आता सांगा, ही घाई एकट्या साठ्यांची होती काय?

आता उत्तरार्ध. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वीस वर्षे दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवत होते. शिक्षण चौथीपर्यंत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कांद्याची गाडी घेऊन वाशीला निघालो. गाडी भरायलाच उशीर झाला. मालकाचे फोनवर फोन. पहाटेच्या आत माल मार्केटला लागला नाही तर भाव पडतो. कसारा घाटाच्या तोंडाशी चहाला थांबायचा आण्णांचा शिरस्ता होता. चहापेक्षा ब्रेक निवावेत हा त्यातला हेतू. त्या रात्री थांबलो नाही. घाटात उतरताना लायनर जळाल्याचा वास मला आला. केबिनमध्ये क्लीनर म्हणून माझ्याच वयाचा एक पोरगा होता. तो म्हणाला, “उस्ताद, वास येतोय. गाडी बाजूला घ्यायची का?” आण्णा म्हणाले, “गप बस. उतार संपू दे.” तो गप्प बसला. मी तर तेवढेही बोललो नाही. वडिलांना काय सांगायचे? त्यांच्या हातात स्टिअरिंग वीस वर्षे होते आणि माझ्या हातात बारावीची गुणपत्रिका.

पुढच्या वळणाला ब्रेक लागेनात. आण्णांनी प्रसंगावधान राखून गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घातली. आम्ही तिघेही वाचलो. आण्णांचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो आता पूर्ण दुमडत नाही आणि ट्रक त्यांना चालवता येत नाही. पंचनाम्यात एकच ओळ लिहिली गेली, ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे’. मालकाच्या फोनांचा त्यात उल्लेख नाही. क्लीनर बोलला होता, याचाही नाही. आणि एक तिसरा इसम सर्व समजून गप्प राहिला होता, हे तर कुणालाच ठाऊक नाही. आज मी ते प्रथमच लिहितो आहे.

मागच्या उन्हाळ्यात मंगळूरचा अहवाल मी आण्णांना मराठीत सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “त्या पोरानं तीनदा सांगितलं ना? मग दांडा का नाही धरला त्यानं?” मी म्हटले, “आण्णा, मोठ्याच्या हातातला दांडा कसा धरायचा?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपलं पोरगं पण बोललं होतं. मी गप बस म्हटलं.” आमच्या घरात मोठ्या माणसाने चूक कबूल केल्याचे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मीही त्यांना वासाचे सांगितले.

या सगळ्यातून मला जे वाटते ते मी नम्रपणे, पण स्पष्टपणे मांडतो. ‘वैमानिकाची चूक’, ‘चालकाची चूक’ हे शब्द खोटे नाहीत. पण त्यांच्यापाशी चौकशी थांबवणे खोटे आहे. चूक त्याचीच असते, पण घाई त्याच्या एकट्याची नसते. वेळापत्रक, मालक, अपुरी माणसे, बंद पडलेले रडार, ‘अजून किती वेळ?’ म्हणून कुरकुरणारे आपण प्रवासी, अशा साऱ्यांचे हात त्या सुकाणूवर असतात. अपघात झाला की हे सर्व हात अलगद मागे घेतले जातात आणि एकच हात उरतो. तो बहुधा मेलेल्या माणसाचा असतो, त्यामुळे तो काही बोलू शकत नाही.

काही जण म्हणतील, की असे म्हणू लागलो तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. आणि धाकटे मोठ्यांना अडवू लागले तर शिस्त ती काय उरली? याचे उत्तर विमानवाल्यांनीच शोधले आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकांतील बिघाड तपासत घिरट्या घालता घालता इंधन संपून कोसळले आणि दहा माणसे मेली. इंधन घटत असल्याचे इतरांना कळत होते, पण कॅप्टनला खडसावून सांगण्याची रीत नव्हती. त्यानंतर वरिष्ठाने ऐकावे कसे आणि कनिष्ठाने बोलावे कसे, याचे रीतसर शिक्षण वैमानिकांना सुरू झाले आणि ते जगभर पसरले. अनेक कंपन्यांनी परत फिरणाऱ्या वैमानिकाला जाब विचारायचा नाही, असा नियमही केला. याने शिस्त ढासळली नाही. उलट बोलणे हाच शिस्तीचा भाग झाला. तरी मंगळूर घडले आणि दहा वर्षांनी कोळिकोड घडले. यावरून दिसते, की नियम कागदावर येणे सोपे, पण ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हा संस्कार रक्तातून जाणे कठीण!

हा संस्कार आपण कोठे शिकतो? घरात शिकतो आणि वर्गात शिकतो. माझ्यासारखे जे पहिल्या पिढीचे विद्यार्थी आहेत, त्यांना हे अधिक ठाऊक आहे. फळ्यावर एखादे साल चुकून वेगळे लिहिले गेले, तर आम्ही ते तसेच वहीत उतरवतो. आमच्या मनात येते, सरांचे कसे चुकेल? आपलेच पुस्तक जुने असेल. गुरुजनांचा अनादर करावा असे मी म्हणत नाही. त्यांच्यामुळेच मी चार ओळी लिहू शकतो. परंतु ‘सर, वास येतोय’ एवढे म्हणण्याची सवय वर्गात लागली नाही, तर ती घाटात आणि आकाशात कोठून येणार?

तसेच परत फिरण्याचे. आमच्याकडे मुलगा शहरात शिकायला गेला की तो पास होऊनच परतला पाहिजे. चुकीची शाखा घेतली, तब्येत ढासळली, पैसे संपले, तरी ‘आता एवढे आलास, उतार संपू दे’ हेच ऐकू येते. एखादे वर्ष थांबून, वळसा घालून नव्याने येणाऱ्याला आपण ‘नापास’ म्हणतो. अशा वळशाचीही किंमत थोडीच असते. तो न घेतल्याची किंमत मात्र कोणाला आयुष्यभर द्यावी लागते.

असो. आण्णा आता गावच्या फाट्यावर पंक्चरचे दुकान चालवतात. घाटाकडे निघालेल्या गाड्या तेथे हवा भरायला थांबतात. ड्रायव्हर घाईत असतात. आण्णा त्यांना काही सांगत नाहीत, शेजारी बसलेल्या क्लीनरला मात्र न चुकता विचारतात, “काय रे, ब्रेकचा वास वगैरे येतो का? आला तर बोल हं. उस्ताद ओरडला तरी बोल.”